व्हिडिओ रेंडरला बाहेरचा ऑडिओ एन्कोडर: झांज, पेटी आणि पावसाच्या कसोटीवर

कुडाळ-कणकवलीपासून चिपळूण-दापोलीपर्यंत जत्रेतला दशावतार, डबलबारी, नमन-खेळे, शिमग्याची पालखी आणि लग्नकार्ये शूट करून देणारी मंडळी गावोगाव आहेत. कॅमेरा चांगला असतो, मिक्सरमधून आवाजाची वेगळी लाइनही घेतलेली असते. मग एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रेंडरचे, म्हणजे अंतिम फाइल तयार करण्याचे, बटण दाबले जाते आणि आवाज कोण दाबतोय (म्हणजे फाइल लहान करायला त्यातला काही भाग कोण गाळतोय), कितीवर दाबतोय, याकडे कुणी बघत नाही. हे दाबायचे काम करतो तो एन्कोडर. परिणाम झांजेवर दिसतो. मंचाजवळ बसून ऐकलेली ती खणखणीत झांज पेन ड्राइव्हवर ओल्या वाळूत पाय घासल्यासारखी ऐकू येते.

यावरचा उपाय फुकट आहे. रेंडर करताना आवाज दाबायचाच नाही. तो जसाच्या तसा, म्हणजे पीसीएम स्वरूपात बाहेर काढायचा, एडिटरच्या बाहेरच्या एन्कोडरने दाबायचा आणि चित्राला हात न लावता पुन्हा जोडायचा. त्यासाठी आज हाताशी असलेले एन्कोडर कसे आहेत, कुठे अडतात आणि कोकणातल्या आवाजांना कोणता मानवतो, त्याचे हे परीक्षण.

आधी कसोटी ठरवू. एन्कोडर तपासायला पेटीचा लांब सूर घेऊन उपयोग नाही, तो सगळ्यांनाच जमतो. त्रास देतात ते तीन आवाज. पहिला झांजेचा किंवा टाळाचा आघात. एएसी, म्हणजे व्हिडिओतला आवाज दाबायची नेहमीची पद्धत, आवाज १०२४ नमुन्यांच्या (एकेका क्षणाच्या मोजमापांच्या) तुकड्यांत कापते, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांना, असा एक तुकडा सुमारे २१ मिलिसेकंदांचा होतो. शांततेत अचानक झांज वाजली की दाबताना झालेली चूक त्या पूर्ण तुकड्यावर पसरते आणि आघाताच्या आधीच ‘छिस्’ असा धूसर आवाज येतो. हुशार एन्कोडर आघात ओळखून १२८ नमुन्यांच्या, म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या छोट्या तुकड्यांवर उतरतो. आळशी एन्कोडरला आघात उशिरा कळतो. दुसरा आवाज समुद्राची गाज किंवा पन्हळी पत्र्यावरचा पाऊस. यात सूर नसतो, सगळ्या कंपनसंख्या एकदम भरलेल्या असतात, त्यामुळे काय टाकावे आणि काय ठेवावे हे एन्कोडरला सुचत नाही. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी बिट दिले तर, असा पाऊस नळातून गुळगुळत आल्यासारखा होतो. तिसरा आवाज दशावतारातल्या युद्धाचा: पखवाज, झांज, पेटी, मंचावर आपटणारे पाय आणि त्या सगळ्यावरून जाणारा संवाद. इथे बिट कमी पडले की पहिला बळी संवादातल्या ‘स’, ‘श’, ‘च’चा जातो.

या तिन्हीवर अ‍ॅपलचा एएसी एन्कोडर सगळ्यात पुढे आहे. २०११ मध्ये हायड्रोजनऑडिओ या ऑनलाइन मंचाच्या श्रोत्यांनी ९६ केबीपीएसवर (सेकंदाला ९६ हजार बिट) आंधळी, म्हणजे एन्कोडरचे नाव लपवून, चाचणी घेतली होती, त्यातही तोच वर होता. विंडोजवर तो मिळतो ‘क्यूएएसी’ या आज्ञा टाइप करून चालवायच्या छोट्या प्रोग्रॅममधून. क्यूएएसी स्वतः काही दाबत नाही. तो अ‍ॅपलची कोअरऑडिओ लायब्ररी शोधतो आणि तिच्याकडून काम करून घेतो. नवख्यांचा पहिला अडथळा इथेच असतो. क्यूएएसी उतरवून चालवला की लायब्ररी सापडत नाही असे तो सांगतो, कारण ती संगणकावर नसते. दोन मार्ग आहेत. अ‍ॅपलच्या साइटवरचा जुन्या पद्धतीचा आयट्यून्स इन्स्टॉलर चालवायचा. किंवा आयट्यून्स नको असेल तर क्यूएएसीच्याच कर्त्याने दिलेली ‘मेकपोर्टेबल’ स्क्रिप्ट त्या इन्स्टॉलरशेजारी ठेवून चालवायची. ती नेमक्या फाइली काढून एका फोल्डरात ठेवते, तो फोल्डर क्यूएएसीच्या बाजूला ठेवला की झाले. या दुसऱ्या मार्गाला सेव्हन-झिप हा फाइली उलगडणारा प्रोग्रॅम लागतो. ‘डॅश डॅश चेक’ लिहून चालवल्यावर कोअरऑडिओची आवृत्ती दिसली की समजायचे सगळे जागेवर आहे.

क्यूएएसीत दर्जा ठरवायची उत्तम पद्धत टीव्हीबीआर, म्हणजे खरा बदलता बिटरेट. आकडा ० ते १२७. ९१ दिला की स्टीरिओ आवाज साधारण १९२ केबीपीएसच्या आसपास जातो, १०९ ला २५६ आणि १२७ ला ३२०. हे सरासरीचे आकडे आहेत. नुसते निवेदन असेल तर फाइल बरीच लहान येते, युद्धप्रसंग असेल तर मोठी येते, आणि तेच बरोबर आहे. दशावतार, डबलबारी, जाखडी यांना आमची शिफारस १०९. लग्नाच्या व्हिडिओला ९१ भरपूर झाले.

आता या परीक्षणातला सगळ्यात कामाचा पर्याय: ‘डॅश डॅश नो डॅश डीले’. अ‍ॅपलचा एन्कोडर सुरुवातीला २११२ नमुन्यांची मोकळी जागा सोडतो, ४८ किलोहर्ट्झला ती ४४ मिलिसेकंद होते. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे एका फ्रेमपेक्षा थोडे जास्तच. ही जागा वगळायची सूचना एम४ए, म्हणजे एएसी आवाजाच्या, फाइलीत लिहिलेली असते आणि संगणकावरचे प्लेअर ती पाळतात. पेन ड्राइव्ह वाचणारे काही टीव्ही ती पाळत नाहीत. वरचा पर्याय दिला की क्यूएएसी पुढे ९६० नमुन्यांची शांतता जोडतो आणि मग सुरुवातीचे तीन पूर्ण तुकडे, म्हणजे ३०७२ नमुने कापून टाकतो. हिशोब चोख जुळतो, टीव्हीने सूचना वाचली नाही तरी आवाज जागेवर राहतो. घाबरून जाण्याइतकी ४४ मिलिसेकंदांची चूक मोठी नाही. मंचापासून १५ मीटर मागे घोंगडीवर बसलेल्या प्रेक्षकाला आवाज तेवढ्याच उशिराने पोचतो आणि त्याला काही खटकत नाही. पण मिक्सरच्या लाइनचा आणि कॅमेऱ्याचा मेळ घालताना आधीच एखादी फ्रेम इकडेतिकडे झालेली असते. त्यात ही भर पडली की झांजेवर पडणारा हात आणि कानावर पडणारी झांज वेगळी होते.

याच कारणासाठी क्यूएएसीकडून कच्ची एडीटीएस स्वरूपाची फाइल कधी घेऊ नये. तिच्यात विलंबाची नोंद ठेवायला जागाच नसते. नेहमी एम४ए घ्यावी.

मॅक वापरणाऱ्यांना एवढी खटपट नाही. तिथे एफएफएमपेग या चित्र-आवाज रूपांतर करणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘एएसी अंडरस्कोर एटी’ नावाने हाच अ‍ॅपल एन्कोडर थेट हाताशी असतो, आणि हँडब्रेक या व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ऑडिओच्या यादीत ‘एएसी कोअरऑडिओ’ म्हणून दिसतो. विंडोजवरच्या हँडब्रेकमध्ये तो नाही.

दुसरा क्रमांक फ्राउनहोफरच्या एफडीके एएसीचा. अँड्रॉइडसाठी खुला केलेला हा एन्कोडर दर्जाने अ‍ॅपलच्या जवळ आहे. अडचण परवान्याची आहे. एफएफएमपेगच्या जीपीएल या खुल्या परवान्याखालच्या भागाशी त्याचा परवाना जुळत नाही, म्हणून दोन्ही एकत्र बांधलेली तयार फाइल कुणाला वाटता येत नाही, स्वतःच्या संगणकावर स्वतःच बांधावी लागते. लिनक्सवाल्यांना हे जमते, विंडोजवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. स्वतः बांधणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट हे एडिटर अ‍ॅपइमेज वा फ्लॅटपॅक या तयार पॅकेजच्या रूपात घेतले असतील तर ते आपल्याबरोबर आणलेला एफएफएमपेग वापरतात. तुम्ही सिस्टिममध्ये बांधलेला एफडीके त्यांना दिसतच नाही, आणि रेंडर प्रोफाइलमध्ये त्याचे नाव लिहिले की रेंडर अडते. दोन, कमी बिटरेटला हा एन्कोडर साधारण १४ हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकतो. बोलण्याला काही फरक पडत नाही, झांजेची आणि घुंगरांची झळाळी मात्र तिथेच असते. कटऑफ, म्हणजे कापायची ही मर्यादा, १८००० द्यावा, आणि तो देताना बिटरेट १९२ च्या खाली ठेवू नये. कमी बिटरेटला कटऑफ वाढवला तर आहे तेच बिट जास्त जागेत पसरतात आणि खालचा आवाज बिघडतो. व्हीबीआरच्या, म्हणजे बदलत्या बिटरेटच्या, १ ते ५ पायऱ्यांपैकी ५ वी घ्यावी, तिथे प्रत्येक चॅनेलला साधारण ९६ ते ११२ केबीपीएस मिळतात. हा एन्कोडर १६ बिटचाच आवाज घेतो, पण शेवटच्या प्रतीसाठी त्याने काही बिघडत नाही.

तिसरा एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर. याच्याबद्दल जुने लोक वाईट बोलतात आणि २०१६ पर्यंत त्यांचे बरोबर होते, तेव्हा तो ‘प्रायोगिक’ या शिक्क्याखालीच मिळायचा. त्या वर्षी आलेल्या ३.० आवृत्तीत तो सुधारला आणि शिक्का निघाला. आज १९२ आणि त्याहून वर तो निर्धास्तपणे वापरावा. १२८ ला मात्र पत्र्यावरच्या पावसात आणि टाळ्यांच्या कडकडाटात बारीक चिवचिव ऐकू येते. आणि सापळा नेमका इथे आहे: बिटरेट सांगितला नाही तर तो स्वतःहून १२८ धरतो. ‘एफएफएमपेगने आवाज खराब केला’ अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ एवढेच असते. याचा बदलता बिटरेट वापरू नये, तो अजून कच्चा आहे. ठरावीक २५६ द्यावा.

नीरोचा एएसी एन्कोडर जुन्या मार्गदर्शक लेखांत अजून भेटतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१० ची आहे. त्याच्या मागे लागण्यात आता अर्थ नाही. लेम हा एमपी३ एन्कोडर मात्र अजून उपयोगी आहे, ३.१०० ही आवृत्ती २०१७ मध्ये आली. व्हिडिओला तो लावू नये, पण डबलबारीचा नुसता आवाज टेम्पोतल्या किंवा रिक्षातल्या यूएसबी प्लेअरवर वाजवायला द्यायचा असेल तर व्ही ० (त्याचा सगळ्यात वरचा बदलता बिटरेट) किंवा ठरावीक ३२० वर लेमसारखा दुसरा नाही. ओपस ही आवाज दाबायची वेगळी पद्धत तांत्रिकदृष्ट्या या सगळ्यांच्या पुढची, १२८ ला ती जे करते त्यासाठी इतरांना जास्त बिट लागतात. पण ओपस घातलेली एमपी४ फाइल घरच्या टीव्हीवर लावली की चित्र दिसते आणि आवाज गप्प असतो. ती गिऱ्हाइकाला देऊ नये.

एचई-एएसी, म्हणजे एएसीचा ‘हाय एफिशियन्सी’ प्रकार, काही एडिटरांच्या यादीत आकर्षक नावामुळे निवडला जातो. त्यात वरच्या कंपनसंख्या साठवल्याच जात नाहीत, खालच्यांवरून अंदाजाने पुन्हा तयार केल्या जातात. ६४ केबीपीएसच्या रेडिओ प्रक्षेपणासाठी ती सोय आहे. झांजेसाठी नाही.

आता काम कसे करायचे ते. रिझॉल्व्ह या एडिटरमध्ये डिलिव्हर पानावर फॉरमॅट क्विकटाइम, व्हिडिओ एच.२६४, आणि ऑडिओच्या टॅबमध्ये कोडेक लिनिअर पीसीएम, २४ बिट. एमओव्ही फाइल तयार होते, चित्र शेवटच्या दर्जाचे आणि आवाज न दाबलेला. प्रीमिअरमध्ये आवाजाची वेव्हफॉर्म फाइल वेगळी निर्यात करणे सोपे जाते. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये ऑडिओ कोडेकच्या यादीतून पीसीएम किंवा फ्लॅक (काहीही न गमावता दाबणारी पद्धत) निवडावा. प्रीमिअर, व्हेगास यांच्यासाठी व्हूकोडर नावाचे प्लगइन एफएफएमपेगचे एन्कोडर थेट निर्यातीच्या खिडकीत आणून देते. सोयीचे आहे, पण अ‍ॅपलचा एन्कोडर त्या वाटेने मिळत नाही आणि आवाज दुरुस्त करायचा झाला की पूर्ण रेंडर पुन्हा करावे लागते. बाहेरच्या पद्धतीचा खरा फायदा त्यामुळे हातचा जातो. 

आवाज कुठून कुठे जाणार याचा एकच रस्ता ठेवावा. एफएफएमपेगने एमओव्हीमधला आवाज वेव्ह स्वरूपात काढायचा आणि नळीने, म्हणजे मधे फाइल न बनवता, थेट क्यूएएसीत सोडायचा. क्यूएएसीला इनपुट म्हणून नुसता डॅश द्यायचा आणि ‘डॅश डॅश इग्नोअरलेन्ग्थ’ हा पर्याय जोडायचा. नळीतून येणाऱ्या वेव्हच्या डोक्यावर लांबीचा आकडा खरा नसतो. हा पर्याय दिल्यावर क्यूएएसी त्या आकड्याकडे न बघता शेवटपर्यंत वाचतो. मग दुसऱ्या आज्ञेत दोन इनपुट: पहिला एमओव्ही, दुसरा एम४ए. ‘डॅश मॅप’ दोनदा, पहिल्यातून चित्र आणि दुसऱ्यातून आवाज. मॅप विसरलात तर एफएफएमपेग स्वतःच्या मनाने आवाज निवडतो, आणि तो तुमचा नवा आवाज असेलच याची खात्री नाही. त्यानंतर ‘डॅश सी कॉपी’, म्हणजे दोन्ही जसेच्या तसे उचल. शेवटी ‘मूव्हफ्लॅग्ज’ला अधिक ‘फास्टस्टार्ट’, यामुळे फाइलीची अनुक्रमणिका शेपटीऐवजी डोक्याकडे जाते आणि मोबाइलवर फाइल चटकन सुरू होते. ‘शॉर्टेस्ट’ हा पर्याय कुणी सुचवला तरी देऊ नये. चित्र आवाजापेक्षा दोन फ्रेम लहान असेल तर आरतीचा शेवटचा ठोका कापला जातो.

या दोन्ही आज्ञा एका बॅच फाइलीत लिहून ठेवल्या की पुढच्या वेळी फाइल तिच्यावर ओढून सोडायची. फाइलींची नावे मराठीत असतील तर बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी, सुरुवातीला कोडपेज ६५००१ करावे आणि प्रत्येक नाव अवतरणात घ्यावे. ‘आंगणेवाडी जत्रा भाग २’ यातल्या मोकळ्या जागांनीच निम्म्या आज्ञा मोडतात.

रात्रभराच्या दशावताराला एक वेगळीच अडचण येते आणि ती माहीत नसेल तर सकाळ वाया जाते. साध्या वेव्ह फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ आवाज सेकंदाला २,८८,००० बाइट खातो, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ४ तास ८ मिनिटांना मर्यादा संपते. १६ बिटला ६ तास १२ मिनिटे मिळतात, ३२ बिट फ्लोटला जेमतेम ३ तास ६ मिनिटे. त्यापुढे काही प्रोग्रॅम फाइल तोडतात, काही फाइल पूर्ण लिहितात पण लांबीचा आकडा शून्यावरून पुन्हा मोजायला लागतात, आणि मग सहा तासांचे नाटक दोन तासांचे दिसते. इथे आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ स्वरूप वापरावे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे आवाज एमओव्हीतच ठेवून नळीने सोडावा. रेकॉर्डरवरच्या फाइलींचे तुकडेही याच मर्यादेमुळे पडतात. ते टाइमलाइनवर एकमेकांना खेटून लावायचे, मधे काही हरवलेले नसते.

पावसाळ्यात लाईट जाते हे गृहीत धरूनच रेंडर लावावे. एमपी४ आणि एमओव्ही यांची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९८ टक्क्यांवर लाईट गेली तर आधीचे ९८ टक्केही उघडत नाहीत. एमकेव्हीचे तसे नसते, जेवढे लिहिले तेवढे वाचता येते. शॉटकट, केडेनलाइव्हवाल्यांनी रेंडर एमकेव्हीत करावे आणि शेवटच्या जोडणीत एमपी४ करावे. जोडणी दोन-चार मिनिटांची असते, तेवढ्यापुरता इन्व्हर्टर टिकतो.

सॅम्पल रेटची गफलत सगळ्यात जास्त दिसते. कॅमेरा ४८ किलोहर्ट्झवर, मिक्सरला लावलेला रेकॉर्डर ४४.१ वर. एडिटरने नीट रूपांतर केले तर प्रश्न नाही. ४४.१ चा आवाज ४८ समजून वाजवला गेला की तो सुमारे ९ टक्के जलद होतो आणि सूर चढतो: काळी एकमध्ये गायलेले भजन पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे जाऊन बसते. पेटीवाला एका क्षणात ओळखतो. उलटे झाले तर बुवांचा आवाज जड होतो. रेकॉर्डर नेहमी ४८ वर ठेवावा आणि एन्कोडरला रेट बदलायला सांगूच नये.

आवाज हळूहळू पुढेमागे सरकत असेल, म्हणजे सुरुवातीला बरोबर आणि पहाटे एक सेकंदाने मागे, तर एन्कोडर निर्दोष आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगळी चालतात. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी सहा तासांत १.०८ सेकंद होतात. दर अर्ध्या तासाला प्रवेश बदलतो तिथे आवाज कापून पुन्हा जुळवावा. मोबाइलवर शूट केलेले चित्र असेल तर त्याचा बदलता फ्रेमरेट आधी ठरावीक करून घ्यावा. एन्कोडर बदलत बसल्याने यातले काहीही सुटत नाही.

पातळीबद्दल थोडे. दाबलेला आवाज उलगडताना मूळ शिखरापेक्षा थोडा वर उडी मारतो. ढोल-ताशाचे शिखर टाइमलाइनवर शून्याला टेकवून ठेवले असेल तर टीव्हीवर ते फाटते. खरे शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, ढोल-ताशाला उणे १.५ बरे. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) खाली आणतो, लहान असेल तर उचलत नाही. हे एफएफएमपेगच्या लाउडनॉर्म या पातळी जुळवणाऱ्या फिल्टरने करायचे असेल तर दोन फेऱ्यांत करावे. एकाच फेरीत तो हळू संवाद वर ओढतो आणि युद्ध खाली दाबतो, दशावताराचा सगळा उठाव सपाट होतो. शिवाय तो आतल्या आत १९२ किलोहर्ट्झवर काम करतो आणि पुढे रेट सांगितला नाही तर एएसीची फाइल ९६ किलोहर्ट्झची बनते, जी काही टीव्ही वाजवत नाहीत. लाउडनॉर्मनंतर ४८००० स्पष्ट लिहावे.

आता प्रामाणिक प्रश्न: एवढे सगळे यूट्यूबसाठी करावे का? नाही. यूट्यूब आलेला प्रत्येक आवाज नव्याने दाबतो आणि मुंबईच्या चाकरमान्याला मोबाइलवर मिळतो तो त्यांचा १२८ च्या आसपासचा एएसी किंवा त्यांचा ओपस. तिथे दोनदा दाबण्याचे नुकसान टाळणे एवढेच आपल्या हातात आहे, म्हणून पीसीएम असलेली एमओव्हीच चढवावी. नेट धीमे असेल तर ३८४ केबीपीएसचा एएसी, यूट्यूबची स्वतःची शिफारसही स्टीरिओसाठी तीच आहे, आणि त्या बिटरेटला एफएफएमपेगचा घरचा एन्कोडरही पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेले पुन्हा दाबले जाते, तिथेही वेगळे कष्ट नकोत. क्यूएएसी कामाला येतो तो जी फाइल थेट वाजणार तिथे: मंडळाला दिलेला पेन ड्राइव्ह, लग्नाचा अल्बम, देवस्थानच्या सभागृहातला प्रोजेक्टर.

जागा वाचवण्यासाठी आवाजाचा बिटरेट कमी करणे हा सवयीचा आणि अगदी निरर्थक प्रकार आहे. ८ एमबीपीएसचे चित्र तासाला ३.६ जीबी होते. १९२ चा आवाज तासाला ८६ एमबी, ३२० चा १४४. फरक ५८ एमबीचा, म्हणजे चित्राच्या दीड टक्क्याच्या आसपास. चित्राचा बिटरेट तेवढा खाली आणला तर कुणाच्या डोळ्याला कळणार नाही. आवाज १९२ वरून ९६ वर आणला तर झांज लगेच सांगते.

मिक्सरची एकच लाइन डाव्या चॅनेलवर आलेली असते, उजवा रिकामा. तशीच दाबून दिली की हेडफोनवर एकाच कानात भजन. टाइमलाइनवरच तिचा मोनो करावा. मोनो आवाजाला टीव्हीबीआरचा तोच आकडा चालतो, फाइल आपोआप निम्म्याजवळ येते.

गिऱ्हाइकाला फाइल देण्याआधी ती संगणकावर नव्हे, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून तीन ठिकाणी बघावी: पहिल्या मिनिटात, मध्यावर आणि शेवटच्या पाच मिनिटांत. प्रत्येक ठिकाणी झांजेवर पडणारा हात शोधायचा. पहिल्याच ठिकाणी आवाज चुकला असेल तर एन्कोडरचा विलंब किंवा जोडणी, शेवटीच चुकला असेल तर घड्याळ किंवा फ्रेमरेट, आणि सगळीकडे बरोबर पण झांज धूसर असेल तर बिटरेट. चूक आवाजाची निघाली तर चित्राचे रेंडर पुन्हा लावायचे नाही. तासाभराचा आवाज साध्या लॅपटॉपवरही मिनिट-दोन मिनिटांत दाबून होतो, रात्रभराच्या नाटकाची नवी फाइल चहा होईपर्यंत तयार असते. मूळ पीसीएम मात्र पुसू नये. सात तासांचा २४ बिट आवाज सव्वासात जीबी होतो, फ्लॅक केला तर त्याहून बराच कमी, आणि फ्लॅकमधून एकही नमुना हरवत नाही.